पाय कसा गेला, हे आम्ही विचारत नाही

नोकरीत मी जितक्या शिव्या खाल्ल्या, तितक्या एखाद्या एसटी कंडक्टरनेही खाल्ल्या नसतील. मारवाडीत, भोजपुरीत, पंजाबीत आणि ज्यांची नावंही मला धड घेता येत नाहीत अशा परदेशी भाषांत. माझा गुन्हा एवढाच की पाय गेलेल्या माणसाला नवा पाय बसवला की त्याला त्यावर उभं करून ‘चला’ म्हणायचं काम माझ्याकडे होतं. जयपूरच्या एका धर्मादाय केंद्रात मी फिजिओथेरपिस्ट होते. नवा पाय पहिले काही दिवस चावतो, टोचतो, माणूस रडकुंडीला येतो, आणि समोर मी उभी असते. मग शिव्या मला नाही तर कुणाला घालणार? पण महिन्याभराने हीच माणसं मिठाईचा डबा घेऊन चालत यायची, म्हणून हिशेब फिटला असं मी धरते.

आम्ही मूळचे नागपूरचे. नवरा रेल्वेत. जयपूरला बदली झाली तेव्हा लवकरच परत जाऊ म्हणून निम्मं सामान आम्ही सोडलंच नव्हतं. परत जाणं काही झालं नाही. शेवटी जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला आणि ती बांधलेली खोकी तिथे उघडली.

बाहेरच्यांना वाटतं की कृत्रिम पाय चपलेसारखा मापाने मिळतो. तसं नसतं. कापल्यावर जो भाग उरतो त्याला आम्ही स्टंप म्हणतो. प्रत्येकाचा स्टंप वेगळा. त्याच्यावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून साचा घ्यायचा, मग पाण्याच्या पाइपासारखी प्लास्टिकची नळी भट्टीत तापवून त्या साच्यावर चढवायची आणि खाली रबरी पाऊल जोडायचं. जयपूरच्या पावलाची खुबी अशी की ते घालून मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, अनवाणी चिखलात जाता येतं. आपल्या माणसांना तेच तर हवं असतं. एका नवऱ्या मुलीने रबराच्या बोटात जोडवं बसत नाही म्हणून पाय परत केला होता. आमच्या कारागिराने बोट तासून जोडवं बसवून दिलं, तेव्हा कुठे ती उठली. जयपूरजवळच्या बस्सी गावातल्या एका पुजाऱ्याला तलावाच्या पायऱ्या उतरता येतील असा पाय हवा होता. पाय बसवल्यावर त्याने सगळ्यात आधी जमिनीवर फतकल मारली. मी ‘उठिए महाराज’ म्हणत राहिले, आणि तो म्हणे, “बहनजी, दो साल बाद बैठा हूँ, थोड़ा बैठने तो दो.”

म्हणून माप घेण्याआधी आम्ही प्रत्येकाला दोन प्रश्न विचारायचो. काम काय करता? आणि कुठे चालायचंय? शेतात चालणाऱ्याचा पाय वेगळा जोडतात, जिने चढणाऱ्याचा वेगळा. डोक्यावर घागर घेणारीला नळी जाड लागते. या दोन प्रश्नांच्या उत्तराशिवाय केंद्रातून एकही पाय बाहेर पडला नाही.

एक प्रश्न मात्र विचारायला बंदी होती. पाय कसा गेला? हा नियम आमच्या डॉक्टरसाहेबांचा. ते केंद्राचे प्रमुख, जयपूरचेच, सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेले. कुणी दारू पिऊन रुळावर पडलेला असतो, कुणी जीव द्यायला गेलेला असतो, कुणाला भावानेच मारलेलं असतं. विचारलं की माणूस खोटं बोलतो आणि मान खाली घालतो. “और जो सिर झुका के चलना सीखेगा, वो गिरेगा,” ते म्हणायचे. मला हा नियम मनापासून आवडायचा. पाहुणे आले की डॉक्टरसाहेब तो अभिमानाने सांगायचे, आणि मीही मान डोलवायचे.

आता जे सांगणार आहे ते दोन हजार सालानंतरच्या पाच-सहा वर्षांतलं. देशाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचे नातेवाईक अजून तिथेच राहतात. तिथे सरकार आणि बंडखोर यांच्यात बरीच वर्षं लढाई चालली आणि मग कसाबसा तह झाला. पाय गेलेली माणसं गावोगावी. आपल्या सरकारने मदत देऊ केली, आणि ठरलं की तिथले जखमी तुकड्या-तुकड्यांनी जयपूरला येतील, पाय बसवून घेतील आणि परत जातील. पहिल्या तुकडीची तयारी आम्ही घरचं कार्य असल्यासारखी केली. त्या देशाच्या दूतावासाचे एक सचिव आधी केंद्र बघायला आले. अतिशय सभ्य माणूस. डॉक्टरसाहेबांनी त्यांना भट्टी दाखवली, रबरी पावलं दाखवली आणि आमचा तो नियमही सांगितला. सचिवांनी तो दोनदा समजावून घेतला.

त्यानंतर दिल्लीहून परराष्ट्र खात्याचे एक अधिकारी आले, निंबाळकर नावाचे. मी मराठी आहे हे कळल्यावर ते हिंदी सोडून थेट घरच्यासारखं बोलायला लागले. जयपुरातल्याच झालाना भागातल्या एका सरकारी कचेरीत त्यांनी डॉक्टरसाहेबांना आणि मला बोलावलं आणि चहा मागवला.

“ताई, युद्धालाही नियम असतात, हे तुम्हाला माहीत आहे ना?” त्यांनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. लढाईत सगळं चालतं असंच मी धरून चालले होते. मग त्यांनी सांगितलं. दवाखान्यावर मारा करायचा नाही, जखमींवर करायचा नाही, ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याला मारायचं नाही. हे जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलेलं आहे. कुणी मोडलं असा आरोप झाला, तर चौकशी व्हावी लागते. त्या देशात एका गावचा दवाखाना लढाईत उद्ध्वस्त झाला होता. सरकार म्हणत होतं, बंडखोरांनी तळघरात दारूगोळा लपवला होता, तोच उडाला. बंडखोर म्हणत होते, सरकारने मुद्दाम पाडला. आंतरराष्ट्रीय चौकशी मंडळ नेमलं गेलं, पण सरकार मंडळाला देशात पाऊल टाकू देत नव्हतं.

“आणि त्या दवाखान्यातली काही माणसं तुमच्याकडे येणाऱ्या तुकडीत आहेत,” निंबाळकर म्हणाले.

मंडळाने आपल्या सरकारला विनंती केली की निदान जयपुरात तरी भेटू द्या. दूतावास म्हणाला, मग तुकडीच पाठवत नाही. दिल्लीत बरेच दिवस खल चालला. ‘चौकशी’ हा शब्द काढून ‘निरीक्षण’ घातला गेला. मंडळाच्या गाडीवर झेंडा नको. खुर्च्या कुठे ठेवायच्या यावर एक पूर्ण बैठक झाली. आमच्या चालण्याच्या खोलीचा नकाशा दिल्लीत टेबलावर पसरलेला होता, हे ऐकून मला हसू आवरेना. शेवटी करार झाला. मंडळाच्या प्रतिनिधी, एक निवृत्त न्यायाधीश बाई, खोलीत बसतील. प्रश्न विचारणार नाहीत. दूतावासाचे सचिव समोर बसतील. दुभाष्या दूतावासाचा. आणि उपचाराच्या ओघात जे बोललं जाईल, ते ऐकायला कुणाची हरकत नसेल.

“एवढं कबूल केलं त्यांनी?” मी म्हटलं.

निंबाळकर ओशाळवाणं हसले. “ताई, केलं, कारण तुम्ही विचारत नाही हे त्यांना माहीत आहे.”

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. डॉक्टरसाहेबांच्या मायेच्या नियमाआड परक्या सरकारने आपलं तोंड लपवलं होतं.

“मग मी विचारू का?” मी म्हटलं.

“मी तसं म्हणू शकत नाही. विचारू नका असंही म्हणणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. दुसरी तुकडी तिकडे तयार बसली आहे. पहिलीत काही बिनसलं, तर ती येणार नाही. तुम्ही नेहमीसारखं काम करा, एवढंच सरकारचं म्हणणं आहे.”

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो तीस वर्षं राजस्थानात राहूनही नागपूरचाच राहिलेला माणूस. म्हणाला, “तू काऊन एवढा विचार करून राहिली बाप्पा? तुले काय कोर्टात उभं केलं का? पाय बसव अन् घरी ये.” मी ठरवलं, तसंच करायचं. पुढच्या तुकडीतल्या माणसांना मी पाहिलं नव्हतं, पण पाय नसलेला माणूस कसा जगतो हे मी रोज पाहत होते. दवाखाना पडून गेला होता, तो काही उभा राहणार नव्हता. पाय मात्र देता येणार होते.

तुकडी आली. माणसं फार शांत होती. निघताना त्यांना बजावलं होतं की खोलीत मंडळाच्या बाई असतील, तेव्हा विचारलं जाईल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, आणि तेही आपल्याच भाषेत, दुभाष्यामार्फत. मापाच्या दिवशी खोलीत एका भिंतीशी न्यायाधीश बाई बसल्या, समोरच्या भिंतीशी सचिव. डॉक्टरसाहेब आणि निंबाळकर मागे दाराशी. एकेक जण येऊन स्टुलावर बसे, मी विचारे, दुभाष्या सांगे. शेतात. दुकानात. मेंढरांमागे डोंगरात. न्यायाधीश बाईंनी हातातली पेन्सिल एकदाही कागदावर टेकवली नाही. सचिव अधूनमधून घड्याळ बघत होते.

मग लीना आली. हे तिचं खरं नाव नाही. तिशीतली, रुंद खांद्यांची, गुडघ्याखाली उजवा पाय नसलेली. स्टुलावर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरकडे गेलेला माणूस कुठे दुखतं हे विचारण्याची वाट बघतो, तशी ती वाट बघत होती. मला ते कळलं. मी तो प्रश्न विचारला नाही.

“काम काय करता?”

“नर्स. बाळंतपणं करते,” दुभाष्याने सांगितलं.

“कुठे चालायचंय?”

हा प्रश्न तिला अपेक्षित नसावा. क्षणभर तिचा चेहरा उतरला. मग तिने एकवार खोलीभर नजर फिरवली आणि बोलायला लागली. बराच वेळ, सावकाश, हातांनी जागा दाखवत. ती थांबली तेव्हा दुभाष्या म्हणाला, “दवाखान्यात.”

मी शांत स्वभावाची आहे असं कुणीच म्हणणार नाही. माझं डोकं फिरलं.

“एवढं बोलली ती. मला सगळं सांगा.”

सचिव खुर्चीतूनच म्हणाले, “मॅडम, मुद्द्याचं तेवढं सांगितलं आहे.”

“मुद्द्याचं काय ते पाय बसवणारीला ठरवू द्या. जमीन कशी आहे, पायऱ्या आहेत का, हातात ओझं काय असतं, हे कळल्याशिवाय मी पाय देत नाही. सकाळपासून सगळ्यांना हेच विचारते आहे.”

दाराशी डॉक्टरसाहेब उभे राहिले. “ये ठीक कह रही हैं,” ते म्हणाले. “बिना पूछे यहाँ पाँव नहीं बनता. पूरा बताइए.”

सचिवांनी निंबाळकरांकडे पाहिलं. निंबाळकर नकाशात नसलेल्या कुठल्यातरी कोपऱ्याकडे बघत होते. दुभाष्या सांगायला लागला. दवाखान्याची जमीन सिमेंटची होती, गुळगुळीत. आता ती नाही. छत खाली आलं आहे, त्याच्या विटांवरून चालावं लागतं.

“पायऱ्या?”

“तळघरात उतरायच्या. अरुंद, कठडा नाही. मारा सुरू झाला की बाळंतिणींना तिथे नेत होतो.”

“उतरताना हातात काय असायचं?”

“मुलं. दोन हातांत दोन.”

खोलीत पेन्सिलीचा आवाज यायला लागला होता. इथपर्यंत माझे प्रश्न रोजचेच होते. पुढचाही तसा रोजचाच, पण तो मी समजून-उमजून विचारला.

“तळघरात पायाला अडेल असं काही होतं?”

लीना पुढे वाकली. दुभाष्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली.

“खोकी. सलाईनची आणि कापसाची. मीच रचली होती, मलाच माहीत. दुसरं काही नव्हतं.”

सचिव उठून उभे राहिले. मी मागे वळले नाही.

“वर चढावं लागतं का कुठे? गच्चीवर वगैरे?”

“एकदाच चढले होते. दवाखान्याची खूण रंगवायला. विमानातून दिसावी म्हणून मोठी काढली होती. ती त्यांना दिसली. विमान वरून एकदा गेलं, वळलं आणि परत आलं.”

बंडखोरांकडे विमानं नव्हती. हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत होतं. दुभाष्याचा आवाज शेवटच्या वाक्यात इतका बारीक झाला की मला पुढे झुकावं लागलं. सचिव म्हणाले, आता पुरे. मी म्हटलं, माझंही झालं, आणि प्लास्टरच्या पट्ट्या भिजवायला घेतल्या. लीनाचा स्टंप जराही हलला नाही, इतका चांगला साचा मला क्वचितच मिळाला असेल.

दोन दिवसांत दिल्लीहून फोनवर फोन. दूतावासाने निषेध नोंदवला. उपचाराचा ओघ म्हणजे नेमकं काय, यावर पुन्हा बैठका. आमच्या जुन्या रुग्णांना आम्ही काय विचारतो, याची पडताळणी झाली. बस्सीच्या पुजाऱ्यालासुद्धा गाठून विचारलं गेलं. तो म्हणाला म्हणे, मला तर तलावाला पायऱ्या किती आणि शेवाळ कुठे आहे इथवर विचारलं होतं.

“ताई, तुम्ही करारातलं एक अक्षर मोडलं नाहीत,” निंबाळकर मला म्हणाले. “म्हणून तर ते एवढे चिडलेत.”

मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की दुसरी तुकडी रद्द झाली आहे. लीनाला परत गेल्यावर त्रास होणार नाही, असं लेखी आश्वासन मात्र त्यांनी दूतावासाकडून घेतलं होतं. त्यासाठी ते स्वतः तीनदा खेटे घालून आले होते. अशा आश्वासनाची किंमत किती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. पुढच्या वर्षी न्यायाधीश बाईंकडून तोंडी निरोप आला, ती सुखरूप आहे. बाकी काही नाही. मंडळाचा अहवालही आला. त्यात तळघराबद्दल आणि गच्चीवरच्या खुणेबद्दल एक परिच्छेद होता. तिथल्या सरकारने तो फेटाळला. कुणाला शिक्षा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण दवाखान्यात दारूगोळा होता, हे त्यानंतर त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही, असं निंबाळकर सांगत होते.

दुसऱ्या तुकडीसाठी आम्ही रबरी पावलं आधीच बनवून मांडणीवर लावली होती. ती हळूहळू इतरांना गेली. डॉक्टरसाहेब मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण मांडणीसमोरून जाताना ते मान वळवायचे. बातमी कळली त्या दिवशी जेवताना नवऱ्याने विचारलं, “चुकलं असं वाटून राहिलं का तुले?” मी म्हटलं, “माहीत नाही.” खरंच माहीत नव्हतं. एका परिच्छेदाच्या बदल्यात मी किती माणसं खाटेवर बसवून ठेवली, हा विचार मनातून जाईना.

तुकडी परत निघाली त्या सकाळी मी फाटकाशी होते. लीना चांगली चालायला लागली होती. बाकीचे बसमध्ये चढत होते, दुभाष्या सामान मोजत होता. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, नर्स होती ती. बोलायला बंदी असल्यामुळे इतके दिवस ती माझ्याशी उजवा-डावा एवढंच बोलली होती. मी तिच्या पायाचा पट्टा शेवटचा तपासायला खाली बसले आणि हळूच म्हटलं, दुसरी तुकडी येणार नाही, तुला कळलं का?

“कळलं,” ती म्हणाली. “माझा नवरा त्यात आहे.”

मी खालीच बसून राहिले. पट्टा सुटला होता की लागला होता, मला दिसेना. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तोही त्याच दवाखान्यात होता. आम्ही घरीच ठरवलं होतं. ज्याचं नाव आधी लागेल, त्याने बोलायचं.”

रडू नको असं तीच मला म्हणाली.

“कुबड्यांवर तो बरा चालतो,” ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.